टँक हिरवा पडला म्हणून पाणी सोडून देऊ नका

बालाघाट

होळी झाली की आपल्याकडं पोहण्याच्या टँकांवर गर्दी होते आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास माझा फोन वाजायला लागतो. "काल चांगलं होतं, आज हिरवंगार झालंय, काय टाकू?" लातूर, अंबाजोगाई, धाराशिव या पट्ट्यातल्या सोसायट्या, शाळा आणि फार्महाऊसचे टँक सांभाळणं हा माझा धंदा आहे. म्हणून ऊन तापायच्या आत हा धागा काढतोय.

बहुतेकांचं फोन करायच्या आधीच ठरलेलं असतं. पाणी सोडायचं, टँक घासायचा, टँकर बोलवायचे. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं मे महिन्यात लाखभर लिटर पाणी गटारात जाताना बघून जीव तुटतो. आणि एवढं करून प्रश्न सुटत नाहीच. ग्राउटमध्ये, प्लास्टरच्या भेगांत, फिल्टरच्या वाळूत शेवाळ शिल्लक असतं, नव्या पाण्यात ते पुन्हा उठतं. हिरवं पाणी त्याच टँकमध्ये स्वच्छ होतं, तेही बाजारात सहज मिळणाऱ्या वस्तूंनी.

आधी शेवाळ कोणतं ते ओळखा. नेहमीचं हिरवं शेवाळ पाण्यात तरंगतं, पाणी गढूळ करतं, भिंत बुळबुळीत होते. हे सगळ्यात झपाट्यानं वाढतं आणि सगळ्यात लवकर मरतं. पिवळं, ज्याला दुकानदार मस्टर्ड म्हणतात, ते सावलीच्या बाजूला, पायऱ्यांखाली, शिडीच्या मागं बसतं. बारीक माती साचलीय असंच वाटतं. ब्रश मारला की ढग उठतो आणि दोन दिवसांत त्याच जागी परत हजर. काळे ठिपके ही तिसरी जात. ते खरं शेवाळ नाही, सायनोबॅक्टेरिया आहेत. प्लास्टर आणि ग्राउटच्या छिद्रांत ते घट्ट रुततात, वरून चिकट थर असतो, त्यामुळं क्लोरीन आत पोचत नाही. गुलाबी चिकटा दिसला तर तेही शेवाळ नाही, जिवाणूंचा थर आहे.

आणि पाणी हिरवं पण काचेसारखं आरपार असेल, तळाची फरशी स्पष्ट दिसत असेल, तर शेवाळाच्या मागं लागू नका. पाण्यात तांबं उतरलंय.

औसेकर

दादा, वेळेवर धागा काढला. आमच्या सोसायटीचा टँक १२ मीटर बाय ६, खोली सरासरी १.४. बोअरचं पाणी. गेल्या वर्षापासून तरंगत्या डब्यात क्लोरीनच्या गोळ्या टाकतो. किटमध्ये क्लोरीन ३ दिसतंय, पीएच ७.८. तरी भिंतीवर हिरवा थर येतोच. दुकानदार म्हणतो आणखी गोळ्या टाका. क्लोरीन आहे तर शेवाळ कसं काय?

बालाघाट

औसेकर भाऊ, हा प्रश्न फार मोलाचा आहे. तुमचा टँक म्हणजे १,००,८०० लिटर, लाखच धरू, हिशोबाला सोपं.

गोळ्यांचं पाकीट बघा. टीसीसीए ९० लिहिलेलं असेल. त्या गोळीत क्लोरीनबरोबर सायन्युरिक ॲसिड असतं, त्यालाच स्टॅबिलायझर म्हणतात. त्याचा उपयोग मोठा आहे. आपल्या उन्हात उघड्या पाण्यातलं निम्मं क्लोरीन तासाभराच्या आत उडतं, स्टॅबिलायझर ते धरून ठेवतं. पण जे धरून ठेवतं ते मोकळंही सोडत नाही. स्टॅबिलायझर ३० ते ५० पीपीएम, म्हणजे लिटरला तितके मिलिग्रॅम, असेल तर ठीक. त्याच्या साधारण साडेसात टक्के मोकळं क्लोरीन सतत हवं, म्हणजे स्टॅबिलायझर ५० असेल तर क्लोरीन ४ च्या आसपास. स्टॅबिलायझर १०० वर गेलं की साडेसात लागतं, आणि तुमचे ३ अपुरे पडतात.

आता हे साचतं कसं ते बघा. गोळ्यांतून १० पीपीएम क्लोरीन गेलं की सोबत ६ पीपीएम स्टॅबिलायझर जातं. रोज २ पीपीएम क्लोरीन लागत असेल तर महिन्याला ३६ पीपीएम स्टॅबिलायझर. मार्चमध्ये शून्यावर सुरू केलं तरी जूनच्या तोंडावर १०० पार. ते उन्हानं उडत नाही, फिल्टरला अडकत नाही, बाष्पीभवनानं जात नाही. पाणी बदललं तरच कमी होतं. म्हणजे आपल्याकडं ज्या महिन्यात पाणी सगळ्यात महाग, नेमकं त्याच महिन्यात पाणी बदलायची पाळी येते. म्हणून मी सांगतो, मराठवाड्यात गोळ्यांवर टँक चालवू नका. चार दिवस गावाला जाणार असाल तर गोळी ठीक, रोजच्याला हायपो, म्हणजे द्रव सोडियम हायपोक्लोराइट.

आधी सायन्युरिकची चाचणी करा. नळीच्या तळाशी काळा ठिपका असतो, औषध घातलेलं पाणी ओतत जायचं, ठिपका दिसेनासा झाला की वाचन घ्यायचं. आकडा इथं टाका.

रसायनवर्ग_नांदेड

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळं पीएचबद्दल थोडी भर.

क्लोरीन पाण्यात दोन रूपांत असतं, हायपोक्लोरस ॲसिड आणि हायपोक्लोराइट आयन. मारायचं काम मुख्यतः पहिलं करतं. पीएच ७.५ ला दोघं साधारण निम्मे निम्मे. ७.० ला पहिलं सुमारे तीन चतुर्थांश, ८.० ला जेमतेम पाव. औसेकरांचा ७.८ म्हणजे पारडं निरुपयोगी बाजूकडं झुकलेलं आहे. स्टॅबिलायझर असलेल्या पाण्यात हा फरक इतका तीव्र राहत नाही, तरी ७.२ ते ७.६ च्या आत ठेवणं शहाणपणाचं.

आपल्या बेसाल्टमधलं बोअरचं पाणी कठीण, शिवाय त्याची अल्कधर्मीयताही बऱ्याचदा जास्त. अशा पाण्यातून कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो आणि पीएच आपोआप चढतो. कारंजं किंवा धबधबा लावलेला असेल तर आणखी लवकर. कॅल्शियम भिंतीवर क्षार म्हणून बसतं आणि त्या खडबडीत थरात शेवाळाला आयती जागा मिळते. मे महिन्यात दिवसाला साधारण एक सेंटीमीटर पाणी उडतं. १२ बाय ६ च्या टँकला ते सातशे लिटरच्या वर झालं. उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागं राहतात, आणि वरून भर घालतो तेही बोअरचंच.

शेतीभागातल्या बोअर-विहिरींत नायट्रेटही बरंच असतं, खतांचं आणि शेणामुताचं. शेवाळाचं ते खाद्यच. पण नायट्रेट काढण्याच्या नादी लागू नये. क्लोरीन पुरेसं असेल तर खाद्य कितीही असो, खाणारा जगत नाही.

औसेकर

चाचणी केली. सायन्युरिक ९० आलं. पाणी सोडणं शक्य नाही, बोअर आत्ताच गुळण्या टाकतोय.

बालाघाट

सोडायची गरज नाही भाऊ. महाग पडेल पण होईल. ९० ला हिरवं शेवाळ मारायला क्लोरीन त्याच्या ४० टक्के, म्हणजे ३६ पीपीएमपर्यंत न्यावं लागतं. पिवळं असतं तर ६० टक्के.

हिशोब असा. लाख लिटरला १ पीपीएम म्हणजे १०० ग्रॅम शुद्ध क्लोरीन. १० टक्क्यांचा ताजा हायपो साधारण १ लिटर. ६५ टक्क्यांचं कॅल्शियम हायपोक्लोराइट सुमारे १५५ ग्रॅम. साधी ब्लीचिंग पावडर ३३ टक्क्यांची धरली तर ३०० ग्रॅम, पण तिचा चुना टँकमध्ये गाळ करतो. कॅल्शियम हायपोनं कठीणपणा वाढतो, तुमच्या पाण्यात तो आधीच भरपूर आहे. तुमच्यासाठी द्रव हायपोच. ३६ लिटर सुरुवातीला, पुढं लागेल तसं.

क्रम सांगतो. किटमधल्या पीएचच्या चाचणीवर क्लोरीन १० च्या वर गेलं की भरवसा राहत नाही, म्हणून पीएच आधी ७.२ वर आणा. ॲसिड (हायड्रोक्लोरिक, सायन्युरिक नव्हे) एका वेळी लिटरभरच, बादलीत आधी पाणी मग ॲसिड, पंप चालू ठेवून. तासाभरानं मोजा, पुन्हा टाका. ॲसिडचा आणि हायपोचा मग, बादली, काहीही एक नको. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि तो छातीत भरतो. ॲसिड टाकल्यावर पाणी चांगलं फिरू द्या, मग संध्याकाळी ऊन उतरल्यावर पाणी येण्याच्या तोंडापाशी हायपो हळूहळू सोडा.

त्यानंतर ब्रश. हे काम लोक टाळतात आणि म्हणून शेवाळ टिकतं. रोज पूर्ण टँक घासायचा. शिडी सोडवून तिची मागची बाजू, दिव्याच्या चौकटीच्या कडा, पायऱ्यांचा खालचा कोपरा, ओव्हरफ्लोची नाली. तुमची भिंत टाइलची असेल तर नायलॉनचा ब्रश. पंप रात्रंदिवस चालू. गावाकडं दिवसा वीज जात असेल तर रात्री सलग चालवा. फिल्टरचा दाब स्वच्छ असतानापेक्षा अर्धा-पाऊण बार चढला की बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं, त्याआधी नको, उगाच पाणी वाया जातं. बॅकवॉशचं पाणी वेगळ्या खड्ड्यात क्लोरीन शून्य होईपर्यंत उन्हात ठेवा, मग ते आवारातल्या मोठ्या झाडांना चालतं.

क्लोरीन दिवसातून दोन-तीनदा मोजून परत त्याच पातळीवर आणायचं. एकदाच ओतून मोकळं झालं की अर्धं शेवाळ उरतं आणि आठवड्यात परत येतं. मोजताना एक भाग टँकचं पाणी, नऊ भाग डिस्टिल्ड वॉटर, आलेल्या आकड्याला दहानं गुणा. नाहीतर गुलाबी रंगाच्या डीपीडी किटमध्ये जास्त क्लोरीनला रंगच उडून जातो आणि किट शून्य दाखवतं. पिवळ्या रंगाचं जुनं किट मोकळं आणि जखडलेलं (घाम-घाणीशी जोडून निकामी झालेलं) क्लोरीन एकत्रच दाखवतं, त्याच्यावर हा उपचार करू नका.

संपलं कधी म्हणायचं? सूर्य मावळल्यावर क्लोरीन मोजा, उजाडायच्या आत परत मोजा. रात्री ऊन नाही, कोणी पोहलं नाही, मग जे कमी झालं ते कोणी खाल्लं? एक पीपीएमपेक्षा जास्त घटलं तर शेवाळ अजून जिवंत आहे, चालू ठेवा. एकच्या आत आलं, पाणी निवळलं, जखडलेलं क्लोरीन अर्ध्या पीपीएमच्या आत आलं, की थांबा. क्लोरीन रोजच्या पातळीवर उतरेपर्यंत कोणालाही पाण्यात उतरू देऊ नका.

मधल्या दिवसांत पाणी हिरव्याचं दुधाळ, राखाडी होईल. घाबरू नका, ते मेलेलं शेवाळ आहे, फिल्टर ते गाळून काढेल. तुरटी टाकून तळाशी बसवणं लवकर होतं, पण बसलेला गाळ व्हॅक्यूमनं बाहेर सोडावा लागतो आणि त्यात हजारो लिटर जातात.

गोदाकाठ

आमच्याकडं मोठी माणसं दर वर्षी मोरचूद टाकायची. पाणी निळंशार दिसायचं, शेवाळही नसायचं. स्वस्त आणि सोपं. तुम्ही त्याचं नाव का घेत नाही?

बालाघाट

काका, मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, तो शेवाळ मारतो यात शंका नाही. पण तो जिवाणू-विषाणूंचं काम वेळेत करत नाही, म्हणजे क्लोरीन लागतंच. आणि तांबं पाण्यातून जात नाही, दर वर्षी वाढत जातं. आपल्या कठीण, जास्त पीएचच्या पाण्यात ते भिंतीवर निळे-काळे डाग होऊन बसतं, पिकल्या केसांना हिरवी झाक येते. शिवाय निळं पाणी म्हणजे स्वच्छ पाणी असा समज होतो, तो मला जास्त धोक्याचा वाटतो. टाकायचाच असेल तर तांब्याची चाचणी करूनच, अंदाजानं कधीच नाही.

बाजारातल्या इतर शेवाळनाशकांबद्दलही हेच. बेंझाल्कोनियमवालं स्वस्त, पण फेस येतो. पॉलिक्वाट फेसत नाही. दोन्ही शेवाळ येऊ नये म्हणून थोडीफार मदत करतात, आलेल्या शेवाळावर त्यांच्यात पैसे घालू नका.

पोहणारी_आई

मी संभाजीनगरची. मुलगी उन्हाळी शिबिराला जाते. तिथलं पाणी कधी कधी किंचित हिरवट, गढूळ असतं. विचारलं की सांगतात, "शेवाळानं काही होत नाही ताई." खरंच काही होत नाही का?

रसायनवर्ग_नांदेड

ताई, नेहमीचं हिरवं शेवाळ अंगाला लागून सहसा आजार होत नाही, एवढ्यापुरतं त्यांचं खरं. पण ते वाढलंय याचा अर्थ पाण्यात पुरेसं क्लोरीन नव्हतं. आणि जिथं शेवाळाला पुरेसं नव्हतं तिथं पोट बिघडवणाऱ्या, कान-डोळ्यांना त्रास देणाऱ्या जंतूंना तरी कुठलं पुरणार?

बालाघाट

आणि ताई, त्याहून मोठी गोष्ट गढूळपणाची. बुडणारं लेकरू गढूळ पाण्यात वरून दिसत नाही. काठावर उभं राहून खोल बाजूच्या तळाची जाळी स्पष्ट दिसते का ते बघा. दिसत नसेल तर त्या दिवशी मुलीला पाण्यात उतरवू नका, कोणी काहीही म्हणो. चांगला चालक क्लोरीन-पीएचची रोजची वही विचारली की लगेच दाखवतो. वही मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

शेततळं_जालना

थोडं विषयाबाहेर. शेततळ्यात शेवाळाचा जाड थर आलाय, ठिबकचे ड्रीपर तुंबतात. हायपो चालेल का? आणि पोरं पोहायला उतरतात त्यात.

गोदाकाठ

शेततळ्याला क्लोरीन परवडत नाही भाऊ. माती, पाला इतका असतो की शेवाळापर्यंत पोचायच्या आत ते संपून जातं, मासे असतील तर तेही मरतात. तरंगता थर जाळीनं ओढून काढा, शेणखताचा, खताचा ओघळ तळ्यात येऊ देऊ नका, ठिबकला वाळूचा फिल्टर आणि त्याच्यामागं डिस्क फिल्टर लावा. वर शेडनेट टाकता आलं तर ऊन तुटतं आणि बाष्पीभवनही वाचतं. पाण्यावर निळसर हिरवी साय धरली असेल तर गुरांना ते पाजू नका, त्यात विष असू शकतं.

पोरांना मात्र आजच बंद करा. हात जोडून सांगतो. प्लास्टिकचा उतार, त्यावर शेवाळ, पट्टीचा पोहणाराही वर येऊ शकत नाही. दर उन्हाळ्यात आपल्या जिल्ह्यांतून अशा बातम्या येतात. तारेचं कुंपण घाला आणि चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर आत सोडून ठेवा.

मांजराकाठ

आमच्या शाळेच्या टँकला टाइलच्या सांध्यांत काळे ठिपके आहेत. दोन वर्षं झाली. हायपोनं फिकट होतात, परत येतात.

बालाघाट

वरचा थर फोडल्याशिवाय ते मरत नाहीत. सांध्यांपुरता बारीक स्टीलच्या तारांचा ब्रश घ्या. टाइलवर तो जाऊ देऊ नका, चरे पडतात. फायबर किंवा लायनरचा टँक असता तर स्टील मुळीच नको म्हणालो असतो. आधी क्लोरीन वर न्या, मग प्रत्येक ठिपका जोर लावून घासा, म्हणजे थर उघडला की लगेच क्लोरीन आत जाईल. हे पाठोपाठ बरेच दिवस करावं लागतं. त्यानंतरही परत आले तर ग्राउट पोकळ झालंय. तेवढे सांधे कोरून नवीन भरणं हाच इलाज.

शाळेत आणखी एक बघा. रसायनं बऱ्याचदा पत्र्याच्या खोलीत ठेवलेली असतात. मे महिन्यात ती खोली भट्टी होते. हायपोची ताकद काही आठवड्यांत निम्म्यावर येते, मग लोक म्हणतात औषध बोगस आलं. थोडा थोडा आणा, सावलीत ठेवा. टीसीसीए आणि कॅल्शियम हायपो शेजारी ठेवू नका, एकाचा चमचा दुसऱ्यात घालू नका. दोन्ही एकत्र आले तर पेट घेतात, स्फोटही होतो.

पोहणारी_आई

आमच्या सोसायटीत टँकच्या काठाला दोन मोठे कडुनिंब आहेत. सगळे म्हणतात निंबाच्या पाल्यानं पाणी शुद्ध राहतं, म्हणून पडलेला पाला कोणी काढत नाही. बरोबर आहे का?

बालाघाट

काढा ताई, रोज काढा. चैत्रात निंबाचा मोहोर पडतो, तो इतका बारीक की जाळीतून निसटून पंपाच्या टोपलीत लगदा होऊन बसतो. पाला, मोहोर, वावटळीची धूळ, रंगपंचमीला अंगावरचा रंग आणि तेल, हे सगळं पचवण्यात क्लोरीन खर्ची पडतं आणि शेवाळाला रान मोकळं मिळतं. झाडं तोडू नका. संध्याकाळी टँकवर ताडपत्री ओढा, पाला वरच राहतो. आणि अंघोळ केल्याशिवाय कोणाला उतरू देऊ नका.

औसेकर

दादा, पाणी निवळलं. तळाची जाळी वरून दिसते. रात्रीची घट एकच्या आत आली. गोळ्या बंद केल्या. पण सायन्युरिक ९० च आहे, त्याचं काय करू?

बालाघाट

छान झालं भाऊ! आता पावसापर्यंत क्लोरीन ७ च्या खाली जाऊ देऊ नका, रोज संध्याकाळी हायपो. पीएच ७.६ च्या वर गेला की ॲसिड.

सायन्युरिकचं काम मृगानंतर. सोसायटीच्या गच्चीचं पाणी टँककडं वळवा. २,००० चौरस फूट गच्ची, आपला वर्षाचा साधारण ७०० मिलिमीटर पाऊस, वीस टक्के वाया गेला धरला तरी लाखभर लिटर होतं, म्हणजे अख्खा टँक. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी धूळ-विष्ठेचं असतं, ते बाहेर सोडा. त्यानंतर मोठा पाऊस दिसला की आधी टँक वीतभर उतरवा आणि तेवढाच गच्चीच्या पाण्यानं भरा. असं करत करत सायन्युरिक ५० च्या खाली येईल आणि पावसाचं पाणी मऊ असल्यानं कठीणपणाही उतरेल. उतरवलेलं पाणी आधी क्लोरीन शून्य करून मगच झाडांना.

पावसाळ्यात टँक पूर्ण रिकामा करू नका. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते, खालून पाण्याचा दाब येतो, रिकाम्या टँकला तडा जातो किंवा तो उचलला जातो. दिवाळीत परत चाचणी करा आणि आकडा इथंच टाका, पुढच्या उन्हाळ्याला किती हायपो लागेल ते त्यावरून काढून देतो.

औसेकर

गच्चीचा पाइप टँकच्या बाजूलाच उतरतो. प्लंबरला उद्या बोलावतो. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर काढायला मधे टी आणि व्हॉल्व्ह टाकला की जमेल ना?

बालाघाट

जमेल. व्हॉल्व्ह हाताशी येईल इतक्या उंचीवर घ्या, आणि पाइपच्या तोंडाला जाळी लावायला सांगा.